खुर्चीकडचा उजेड

१

रसायनशास्त्राच्या बाईंचं काम उजेडाचं, पण त्यांच्या दिवसाची सुरुवात व्हायची अंधार मोजण्यानं. ऐकणाऱ्याला वाटावं, हा काय द्राविडी प्राणायाम! पण त्याला इलाज नव्हता. डोळ्याला सोडाच, साध्या सूक्ष्मदर्शकालाही धड न दिसणारा सोन्याचा कण, त्या कणाला चिकटवलेले रंगाचे रेणू आणि त्या रेणूंतून निघणारा नखभरसुद्धा नाही असा उजेड. तो मोजायचा, तर खोलीत मुळात किती उजेड मुरलेला आहे हे आधी माहीत हवं. मग तो आकडा नमुन्याच्या आकड्यातून वजा करायचा, आणि उरेल ते खरं. पदरी पडलं पवित्र झालं, असं या धंद्यात चालत नाही.

यासाठी तळमजल्यावरच्या लांबलचक बोळाच्या टोकाला अंधारखोली होती. एक दार, मग दोन हात जागा, मग जाड काळा पडदा आणि मग खोली. आतल्या यंत्रांवरचे हिरवे-तांबडे ठिपकेसुद्धा काळ्या चिकटपट्टीनं बुजवलेले. दिवा मालवला की स्वतःचा हात नाकासमोर धरला तरी दिसायचा नाही. भर दुपारी बारा वाजता तिथे अमावास्या असायची.

त्या खोलीत एक लोखंडी खुर्ची होती, ती मास्तरांची. मास्तर म्हणजे बाईंचे यजमान. शाळेत भूगोल शिकवायचे, फळ्यावर हातानं नकाशे काढायचे. पुढे काचबिंदूनं त्यांच्या नजरेच्या कडा कुरतडल्या आणि मग मधलंही नेलं. घरी एकटे बसून भिंतींशी काय बोलणार? म्हणून ते रोज बाईंबरोबर यायचे आणि अंधारखोलीत तासन्‌तास बसायचे. बाईंनी दिवा मालवला की हमखास म्हणायचे, "ये, आलीस बरोबरीला!"

बाईंनी त्यांच्यासाठी एक गोष्ट करून घेतली होती. उजेडाचा एकेक कण मोजणीच्या डिटेक्टरवर आपटला की यंत्राच्या पडद्यावर रेघ उमटते, पण रेघ मास्तरांच्या काय कामाची? म्हणून कार्यशाळेतल्या यंत्रवाल्याकडून त्यांनी डिटेक्टरला छोटा स्पीकर जोडून घेतला. कण आपटला की टक्. दिवा लावण्याआधी मात्र डिटेक्टर बंद करावा लागे, चालू असताना उजेड पडला तर तो जळून जायचा. जिवंत माणसाच्या अंगातूनही उजेड पाझरतो, अगदी किंचित, डोळ्याला जन्मात दिसायचा नाही असा. पण या डिटेक्टरला तो लागायचा. त्यामुळे नमुना ठेवण्याआधीही खोलीत टकटक असायचीच, पत्र्यावर ज्वारीचे दाणे सांडावेत तशी. मास्तर खुशीत यायचे. म्हणायचे, "सगळं जग उजेड बघतं. आमच्या हिनं मला तो ऐकवला."

मास्तर गेले ते बुटाची नाडी बांधताना. वाकले, ते उठलेच नाहीत. बाई पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या आणि "अहो, आवरा ना, उशीर होतोय," म्हणत होत्या.

महिन्या-दीड महिन्यानं बाई कामावर आल्या. सगळे म्हणाले, बरं झालं, कामात मन रमेल. बाईंनी दार लावलं, पडदा ओढला, दिवा मालवला. कुणी काही बोललं नाही. टकटक सुरू झाली. त्यांनी अंधार मोजला, आकडा नेहमीएवढाच आला, तो वजा केला आणि कामाला लागल्या.

२

आकडा नेहमीएवढाच आला, यातच सगळी गोम होती. पण हे बाईंच्या लक्षात यायला बरेच दिवस गेले. इतकी वर्षं ज्याला आपण बरोबर समजतो, ते आलं तर कोण शंका घेणार? चूक शोधायची सवय असलेल्या माणसाला बरोबर उत्तराचा संशय येत नाही.

एकदा मधल्या सुट्टीत भौतिकशास्त्राच्या एक बाई सहज म्हणाल्या, "आता त्या काळोखात एकट्याच बसता ना? भीती नाही वाटत?"

"एकटीच असते. भीती कसली?" बाई म्हणाल्या आणि हातातला कप तसाच राहिला. एकटीच. मग आकडा खाली यायला हवा होता. खोलीत दोन माणसं असताना जेवढी टकटक व्हायची, तेवढी एका माणसाची कशी होईल?

उजेड कुठून तरी झिरपत असणार. बाईंनी यंत्रवाल्याला बोलावलं. हा मोठा बोलका गृहस्थ. हातात पकड आणि तोंडात गप्पा, दोन्हींना विश्रांती नाही.

"मॅडम, भोक असणारच," तो आल्या आल्या म्हणाला. "माझ्या बायकोच्या कानात आणि तुमच्या खोलीत काय झिरपेल, सांगता येत नाही."

दोघांनी दाराच्या फटी बुजवल्या, पडद्याची शिवण तपासली, हवेच्या नळीला काळं कापड गुंडाळलं. चिकटपट्टीची आख्खी गुंडाळी संपली. मग बाई बाहेर थांबल्या आणि यंत्रवाला एकटाच आत जाऊन बसला. टकटक एका माणसाची, अगदी चोख. मग यंत्राला एकट्यालाच मोजू दिलं. खोली गप्प. मग बाई एकट्या आत गेल्या, आणि बाहेर ठेवलेल्या यंत्राच्या पडद्याकडे बघत यंत्रवाला ओरडला, "मॅडम, पुन्हा वाढलं!"

दिवा लावून त्यानं पुन्हा सगळं चाचपलं. दमून लोखंडी खुर्चीवर टेकला आणि चटका बसल्यासारखा उठला.

"आत्ता कुणी बसलं होतं का इथे?"

"नाही. का?"

"ऊब लागली." त्यानं हातानं बैठक चाचपली. "खालून पाइप जात असेल गरम पाण्याचा. जुन्या इमारती, कुणी कुठे काय घातलंय देव जाणे." एवढं म्हणून त्यानं हत्यारं गोळा केली. जाताना मात्र तो नेहमीसारखा दारात उभा राहून गप्पा मारत बसला नाही.

पाइप कुठेच नव्हता. बाईंना ते माहीत होतं, कारण खोली त्यांनीच उभी करून घेतली होती.

३

बाई काही भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्या नव्हत्या. त्यांनी स्वतःशी रीतसर वाद घातला. उजेड माझ्याच अंगाचा असणार, भिंतीवरून उलटून येत असणार. पण भिंती काळ्या होत्या. मग माझ्या कपड्यांचा असेल. त्यांनी कपडे बदलून पाहिले. मग डोक्याचाच बिघाड असेल, दुःखानं होतं असं. पण डोकं बिघडलं तरी डिटेक्टरला काय त्याचं? त्याला कुणी मेल्याचं सुतक नसतं.

शेवटी त्यांनी डिटेक्टरपुढे अरुंद काळी नळी बसवली, म्हणजे तो फक्त नाकासमोरचा उजेड घेईल, आजूबाजूचा नाही. दिवा मालवला. नळी कपाटाकडे वळवली, तिथे काही नाही. टेबलाकडे वळवली, काही नाही. दाराकडेही काही नाही. खुर्चीकडे वळवली.

टक्. टक्‌टक्. टक्.

खुर्ची हाताच्या अंतरावर होती. त्यांनी हात पुढे केला आणि अर्ध्यातच मागे घेतला. काही लागलं नाही तर? आणि लागलं तर? यातल्या कशाला आपण जास्त भितो, हे त्यांना ठरवता येईना.

दिवा लावून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर मखमलीचं काळं कापड टाकलं, पुन्हा काळोख केला आणि ऐकत बसल्या. टकटक थोडा वेळ थांबली. कापड सरकल्याचा हलका आवाज झाला. मग टकटक पुन्हा सुरू झाली. दिवा लावला तेव्हा कापड बैठकीवर होतं. कोपऱ्याला कोपरा जुळवून त्याची चौकोनी घडी घातलेली होती.

मास्तर हातरुमालाचीसुद्धा अशीच घडी घालायचे. दिसत नाही म्हणून गबाळं राहायचं, हे त्यांना मान्य नव्हतं.

ती घडी छातीशी धरून बाई खाली बसल्या आणि ढसाढसा रडल्या. मास्तर गेले त्या दिवशी बाई रडल्या नव्हत्या. माणसं आली होती, चहा होता, चपलांचा ढीग होता, रडायला सवडच नव्हती. आता त्या भीतीनं रडत होत्या की आनंदानं, हे त्यांचं त्यांना कळत नव्हतं. दिवा पुन्हा मालवून त्या म्हणाल्या, "अहो, सांगायचं तरी. मी इतके दिवस तुम्हाला वजा करत बसले."

खुर्चीकडून भरभरून टकटक झाली.

त्या दिवसापासून सोन्याचे कण बाजूला राहिले. बाई सकाळी यायच्या, दार लावायच्या आणि बोलत बसायच्या. आयुष्यभर बोलायच्या राहून गेलेल्या गोष्टी काय कमी असतात? घरचं, कॉलेजातलं, कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं. मास्तर बोलायचे नाहीत, पण ऐकतायत हे टकटकीवरून कळायचं. विनोदाला ती दाटायची, रुसल्यावर विरळ व्हायची. बाई आपलं स्टूल दर दिवशी थोडं थोडं खुर्चीजवळ सरकवत गेल्या. जवळ गेलं की मास्तर जास्त स्पष्ट वाजायचे.

४

बाईंची मुलगी दुसऱ्या गावी होती, दाताची डॉक्टर. मास्तर तिला मॅनेजर म्हणायचे, कारण लहानपणापासून घर तीच चालवायची. एकदा व्हिडिओ कॉलवर आईचा चेहरा शोधत ती म्हणाली, "आई, दिवा लाव ना. काळोखात काय बसलीस?"

"लावलाय की गं."

"कुठे लावलायस? तुझ्यामागची भिंत दिसतेय, तूच दिसत नाहीस."

दोन दिवसांत मॅनेजर बॅग घेऊन दारात हजर. आईला बघून तिचा जीव चरकला. बाई वाळल्या होत्या, हे तर होतंच. दुःखानं माणूस वाळतो. पण हे वेगळं होतं. त्यांच्याकडे बघताना नजर ठरत नसे. जुन्या साडीचा रंग उडावा तशा त्या उडाल्या होत्या. हात गार. दुकानाचं आपोआप उघडणारं काचेचं दार त्यांच्यासाठी उघडलं नाही. लेक मागून आली तेव्हा उघडलं. कॉलेजात हात धुवायचे नळ हात पुढे केला की सुरू व्हायचे. बाई हात धरून उभ्या राहिल्या, नळ कोरडाच.

"हे मेले नळ असेच," बाई म्हणाल्या आणि पदराला हात पुसले. पुसायला काही नव्हतं.

लेकीनं त्यांना डॉक्टरकडे नेलं. सगळे अहवाल उत्तम. फक्त बोटाला लावायचा चिमटा, जो बोटातून तांबडा उजेड आरपार सोडून रक्तातला प्राणवायू मोजतो, तो काही केल्या आकडा दाखवेना. डॉक्टरांनी सेल बदलले, दुसरं बोट धरलं, शेवटी स्वतःच्या बोटाला लावून पाहिला. लगेच आकडा आला.

"यंत्र जरा नाठाळ आहे," ते हसत म्हणाले. "बाकी आई ठणठणीत आहेत हं. जेवण वाढवा. मन रमवा."

"मन रमतंय तिचं," लेक म्हणाली. "तेच तर बघायचंय मला, कुठे रमतंय ते."

५

दुसऱ्या दिवशी ती आईबरोबर अंधारखोलीत शिरली. बाईंनी नाही नाही ते बहाणे केले, पण मॅनेजरपुढे कुणाचं चाललंय?

स्टूल आणि खुर्ची अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशी समोरासमोर होती. लेकीनं ते पाहिलं. दिवा मालवला. डिटेक्टर कसा वळवायचा हे तिला बाबांनीच कधीतरी दाखवलं होतं, पुढची नळी तेवढी नवी होती. तिनं तो आधी स्वतःकडे वळवला. टक्‌टक्‌टक्, तरुण माणसाची टकटक. मग आईकडे.

शांतता. बऱ्याच वेळानं एक टक्. मग पुन्हा शांतता.

मग तिनं तो खुर्चीकडे वळवला आणि खोली आवाजानं भरून गेली. एखादा माणूस जिवंतपणी एवढा वाजत नाही.

खुर्चीचं लोखंड किंचित करकरलं, कुणी पुढे वाकून कान द्यावा तसं.

"बाबा आहेत," लेक म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. डॉक्टर असली म्हणून काय झालं, ती बापाची लेक होती.

"हो."

"आणि तू नाहीशी होत चालली आहेस."

बाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला.

"आई, हे काय चाललंय? तुला कळतंय ना? मला सांग."

"कळायला काय झालं? यावर तर माझी निम्मी हयात गेली." बाईंचा आवाज वर्गात शिकवतानाचा झाला. "एक रेणू उजेड गिळतो. शेजारी दुसरा अगदी जवळ असेल, तर स्वतः उजळायचं सोडून तो आपलं सगळं त्याला देऊन टाकतो. मध्ये किरणसुद्धा दिसत नाही. देणारा विझतो, घेणारा उजळतो. अंतर एवढंसं वाढलं तरी हे थांबतं."

"मग खुर्ची लांब ठेव!"

"ठेवली होती. लांब ठेवली की ते विरतात. ऐकूच येत नाहीत गं. आणि मग मला राहवत नाही."

"म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं."

"मला काय कमी पडलंय? चालते, बोलते, खाते. अजून थोडं देता येईल."

"आणि मग? थोडं संपलं की?"

"मग बघू."

"मग काय बघणार? कोण बघणार? मी!" लेक आता रडत होती आणि रडतानाच भांडत होती. "माझा बाप गेला. मी परगावाहून धावत आले, तोवर सगळं आटपलं होतं. आता तू अशी रोज थोडी थोडी जाणार, आणि मी फोनवर म्हणत राहणार, आई दिवा लाव, आई दिवा लाव. माझा काही विचार केलास?"

"तुला तुझा संसार आहे, दवाखाना आहे. त्यांना कोण आहे? मीच ना?"

"मला पण तूच आहेस."

खुर्चीकडची टकटक दाटत होती. घरात वाद झाला की मास्तर असेच अस्वस्थ व्हायचे आणि "काय झालं, कुणीतरी मला सांगा," म्हणायचे.

लेकीनं नाक ओढलं. मग अगदी हळू विचारलं, "बाबांना हे माहीत आहे?"

बाई स्टूलवर पुढे सरकल्या.

"आई. तुझं काय होतंय ते बाबांना माहीत आहे का?"

"त्यांना कसं दिसणार?" बाई पुटपुटल्या.

६

लेक उठून उभी राहिल्याचा आवाज आला. ती काय करणार आहे हे बाईंच्या एकदम ध्यानात आलं. त्यांनी काळोखात हात मारला, तिचं तोंड शोधलं. खांदा हाताला लागला, वेणी लागली.

"बोलू नकोस. तुला माझी शपथ आहे."

"बाबा," लेक म्हणाली. "मी आलेय. मॅनेजर."

टकटक थबकली.

"आई तुमच्या समोर बसलीये. ती बरी नाही. हात बर्फासारखे पडलेत, गळ्याची हाडं वर आलीत, नळसुद्धा तिला ओळखत नाहीत. तिच्यातलं जे जातंय ते सगळं तुमच्याकडे येतंय, बाबा. तुम्हाला दिसत नाही, आणि ती सांगणार नाही. म्हणून मी सांगतेय. तुम्ही रागावू नका. मला तुम्ही दोघं हवे होता. पण दोघं मिळत नाहीत."

खोलीत एकही टक् उमटली नाही. मग अगदी जवळून, त्यांच्या कपाळापासून वीतभर अंतरावरून, श्वास आत ओढल्याचा आवाज आला. धक्का बसलेल्या माणसाचा.

आणि खुर्चीचा लोखंडी पाय फरशीवर सरकला, मागे.

"अहो, तिचं काय ऐकता?" बाई घाईघाईनं म्हणाल्या. "पोरीला काही कळत नाही. मला काहीसुद्धा झालेलं नाही. मी धडधाकट आहे. बसा. अहो, बसा ना."

पावलं वाजली नाहीत. कपाटाला हात घासत गेल्याचा आवाज तेवढा झाला, बोटांच्या पाठीनं चाचपत जावं तसा. मग पडद्याच्या कड्या खुळखुळल्या.

"नका जाऊ हो!"

बाहेरचं दार उघडलं. पडद्याच्या फटीतून बोळातला उजेड आत आला आणि स्पीकरनं कानठळ्या बसतील अशी किंकाळी फोडली, मग तो कायमचा गप्प झाला. बाई स्टूल पाडून धावल्या. लेक त्यांच्यामागे.

बोळ रिकामा होता. तिथले दिवे माणसाची चाहूल लागली की लागायचे आणि माणूस पुढे गेलं की विझायचे. दारापाशी दोघी उभ्या होत्या, आणि बोळात पुढे, त्यांच्यापासून लांब, एक दिवा लागला. त्याच्याखाली कुणी नव्हतं. तो विझला आणि पुढचा लागला. मग त्याच्या पुढचा. सावकाश, आंधळ्या माणसाच्या चालीनं, भिंतीच्या कडेकडेनं, उजेड बोळातून बाहेरच्या दाराकडे निघाला होता.

बाईंनी पळायचा प्रयत्न केला. लेकीनं त्यांना कमरेला धरलं होतं. ती आधार देत होती की अडवत होती, दोन्हीही असेल.

शेवटचा दिवा लागला. इमारतीतून बाहेर उतरायच्या पायऱ्या तिथून सुरू होत. तो दिवा विझेना. तिथे कुणीतरी उभं राहिलं होतं, पुढे काय आहे हे न कळून. क्षणभर, निव्वळ एक क्षण, बाईंना उजेडात पांढरी बाही दिसल्यासारखी झाली, आणि पुढे केलेला, हवेत काही शोधणारा हात.

"बाबा, पायऱ्या आहेत!" लेक रडत ओरडली. "डावीकडे कठडा आहे, बाबा!"

हात डावीकडे वळला. दिवा विझला.

७

नवा डिटेक्टर यायला बरेच दिवस लागले. यंत्रवाला हळहळत म्हणाला, "मॅडम, चालू यंत्र असताना दार उघडलंत? तुम्ही?" बाई म्हणाल्या, "झालं खरं." त्यानं स्पीकर पुन्हा जोडून देऊ का, असं विचारलं. बाई नको म्हणाल्या.

त्या बऱ्या होत गेल्या. हे त्यांना नको होतं, पण शरीर कुणाला विचारून बरं होत नाही. हाताला ऊब आली. नळ त्यांच्या हातावर पाणी सोडू लागले, दुकानाची दारं उघडू लागली. भौतिकशास्त्राच्या बाई म्हणाल्या, "छान दिसायला लागलात हो! चेहरा कसा टवटवीत झालाय." शिपाई म्हणाला, विद्यार्थी म्हणाले, डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावला आणि आकडा बघून टाळीच वाजवली. बाई सगळ्यांना "हो ना, बरं वाटतंय," म्हणायच्या. आरशात दिसणारी लाली कुठून परत आली आहे आणि तेवढीच कुठे कमी झाली आहे, हे त्यांना ठाऊक होतं. सकाळी आरशासमोर उभं राहायचा त्यांना धीर व्हायचा नाही. जेवढ्या त्या दिसत होत्या, तेवढे मास्तर नव्हते.

अंधारखोलीत त्या जायच्या, कारण काम होतं. खुर्चीवर हात ठेवून बघायच्या. लोखंड, गार, जसं असायला हवं तसं.

लेक तिच्या गावी परतली होती. रोज संध्याकाळी फोन करायची. गोळ्या घेतल्यास का, जेवलीस का, असं विचारायची, आणि बाई हो-नाही एवढंच म्हणायच्या. बरेच दिवस असंच चाललं. मग एकदा लेक बोलता बोलता थांबली.

"आई, तू माझ्यावर रागावली आहेस."

"हो."

पलीकडून दवाखान्यातली कुठलीतरी खुर्ची फिरल्याचा आवाज आला.

"खूप?"

"खूप."

"बरं," लेक म्हणाली. "ठेवू मग?"

बाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"ठेवू नकोस," त्या म्हणाल्या. "राग आहे तो आहे. पण तू ठेवू नकोस."